दुरुस्तीची हमी दोन पावसाळ्यांची हवी

नागपुरात घराची दुरुस्ती करणाऱ्या ठेकेदारांचं एक वाक्य ठरलेलं असतं : ‘काळी माती आहे साहेब, तडे तर जाणारच.’ वाक्य खरं आहे. पण ते ऐकू येतं काम संपल्यावर, शेवटचा हप्ता हातात पडल्यावर आणि पहिला पावसाळा उलटल्यावर. दर ठरवताना, ‘एकदम पॅक करून देतो’ म्हणताना या मातीचा उल्लेखही नसतो. माती हलणार हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे, त्याने ती हलेल असं धरूनच काम केलं पाहिजे. तसं केलं नसेल तर पुढचा खर्च त्याच्याच माथी बसला पाहिजे, असं माझं मत आहे. घरमालकाची आणि महापालिकेची जबाबदारीही यात आहे. पण सुरुवात ठेकेदारापासून करावी लागते, कारण माहिती त्याच्याकडे असते आणि पैसे मालकाचे जातात.

आधी माती. बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून झालेल्या आपल्याकडच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे चिकण खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं, पाणी निघून गेलं की आकसतं. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. एरवीही मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतोच. त्या उन्हात मोकळ्या प्लॉटवर हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. मग जून ते सप्टेंबरमध्ये वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस, म्हणजे हजार-अकराशे मिलिमीटर, त्याच जमिनीत उतरतो. काळ्या मातीचा थर खोल असेल तर हा फुगण्या-आकसण्याचा खेळ साधारण साडेतीन मीटरपर्यंत पोचतो. जुन्या एकमजली घराचा पाया तीन-चार फुटांवर संपलेला असतो, म्हणजे तो हलणाऱ्या थरातच उभा असतो. त्यात एकमजली घर वजनाने हलकं. फुगणाऱ्या मातीचा दाब अनेकदा चौरस मीटरला १० टनांच्या पुढे जातो, तो दाबून धरण्याइतकं ओझं त्या घराचं नसतं. चार मजली इमारतीच्या शेजारचं छोटं घरच जास्त का तडकतं, याचं उत्तर यातच आहे.

माती सगळीकडे सारखी नाही. शहराचा पश्चिम भाग बेसॉल्टवर बसला आहे, पूर्वेकडे वेगळे, जास्त जुने खडक आहेत. टेकडीच्या उतारावर दोन फुटांवर मुरूम लागतो. नाल्याकाठी, काल-परवापर्यंत शेती असलेल्या लेआउटमध्ये दहा फूट खणलं तरी काळीच निघते. एकाच गल्लीतल्या दोन प्लॉटमध्येही फरक पडतो. म्हणून ‘शेजाऱ्याकडे असंच केलं, काही झालं नाही’ हे कारण ठेकेदाराने देऊ नये आणि मालकाने ऐकून घेऊ नये.

ठेकेदाराची पहिली जबाबदारी दर सांगण्याच्या आधी सुरू होते. तडा पाहून तो कशाचा आहे हे त्याला सांगता आलं पाहिजे. कॉलम आणि वीटकाम यांच्या सांध्यावर उभी सरळ केसासारखी रेघ असेल तर ती बहुतेक प्लास्टर आकसल्याची किंवा तापमानाची. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी तिरका चढणारा तडा मात्र पाया हलल्याचं सांगतो. तो वर रुंद आणि खाली बारीक असेल तर बहुधा घराचा कोपरा खचतो आहे किंवा मधला भाग वर उचलला जातो आहे; खाली रुंद असेल तर उलट. उन्हाळ्यात घराचे कोपरे दोन्ही बाजूंनी सुकतात म्हणून तेच आधी बसतात. पावसाळ्यात कडा आधी भिजून वर येतात. आणि घराखालचा मधला भाग वर छप्पर असल्यामुळे वर्षानुवर्षं ओलसर राहतो, तो हळूहळू फुगत जातो. मधल्या खोलीच्या टाइल्स टकटक केल्यावर पोकळ वाजतात किंवा घुमटासारख्या उचलतात, त्यामागे अनेकदा हे असतं. तिथे फक्त टाइल्स बदलून देणारा ठेकेदार मालकाचे पैसे पुन्हा त्याच जागी पुरतो.

दारांच्या बाबतीत एक सावधगिरी. पावसाळ्यात दार अडकलं म्हणजे घर हललं, असं लगेच म्हणू नये. लाकूड दमट हवेने फुगतं. चौकट आणि दार यांच्यातली फट पाहा. फट सगळीकडे सारखीच कमी झाली असेल तर दोष लाकडाचा. वर एका कोपऱ्यात बोट जाईल इतकी आणि दुसऱ्या कोपऱ्यात शून्य, अशी पाचरीच्या आकाराची असेल तर चौकटच तिरकी झाली आहे. रंधा मारून दार मोकळं करून देणाऱ्याने ही गोष्ट मालकाला सांगितलीच पाहिजे.

तडा जिवंत आहे की मेलेला, हे ठरवायला वेळ लागतो, पैसे फारसे लागत नाहीत. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहायची. तड्याच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून १०० मिलिमीटर अंतरावर, दोन पितळी स्क्रू बसवायचे आणि महिन्यातून एकदा कॅलिपरने अंतर मोजायचं. मे-अखेरचं आणि सप्टेंबर-अखेरचं माप चुकवायचं नाही. दोन्हींत एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर तडा जिवंत समजावा. घराभोवती जोत्यावर पारदर्शक लेव्हल-पाइपने एक समतल रेघ मारून ठेवली तर कोणता कोपरा किती मिलिमीटर वर-खाली झाला हेही सहा महिन्यांनी कळतं. मिस्त्रीच्या थैलीत असलेल्याच वस्तू या. तरीही बहुतेक दुरुस्त्या एकाच दिवशी घर बघून, अंदाजाने, चौरस फुटाच्या दराने ठरतात.

मातीची चाचणीही अवघड नाही. आयएस २७२० या भारतीय मानकाच्या भाग ४० मधली पद्धत अशी : भट्टीत सुकवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली माती प्रत्येकी १० ग्रॅम, १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत टाकायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. ढवळून हवा काढून २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलच्या नळीत थर १० मिलिलिटरवर आणि पाण्याच्या नळीत २० वर दिसला तर मुक्त फुगवटा १०० टक्के. आयएस १४९८ च्या वर्गवारीत ५० च्या आत तो कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त आणि २०० च्या वर फार जास्त. दोन नळ्या शेजारी ठेवलेल्या पाहिल्यावर कोणत्याही घरमालकाला आपल्या घराखाली काय आहे हे सांगत बसावं लागत नाही. जोत्याजवळ दोन ठिकाणी, तडकलेल्या कोपऱ्यावर आणि शाबूत कोपऱ्यावर, मीटरभर लांब-रुंद चाचणी-खड्डा घेऊन पाया कुठे संपतो, कशावर बसला आहे हे बघायचं आणि तिथलीच माती तपासायला द्यायची. पाया किंवा भिंतीला हात लावणाऱ्या प्रत्येक ठेक्यात हा खर्च वेगळा दाखवला पाहिजे. मालकाने तो द्यायला नकार दिला तर ठेकेदाराने तसं लिहून घ्यावं, म्हणजे पुढची जोखीम कोणाची हे तिथेच ठरतं.

आता कामाविषयी, कारण चूक बहुतेक वेळा पद्धतीत असते. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे मे महिन्यात, तडा पूर्ण उघडलेला असताना, तो घट्ट सिमेंटने भरणं. पावसाळ्यात माती फुगून कोपरा वर आणते, भिंत तडा मिटवू पाहते; पण मध्ये कडक सिमेंटचं पाचर बसलेलं असतं. मग भिंत दुसरीकडे फाटते. ठेकेदार म्हणतो, ‘जुना तडा तर बंदच आहे, हा नवीन आहे.’ नवीन तडा त्याच्याच कामातून आलेला असतो. जिवंत तड्यात हलचाल सोसणारं पॉलियुरेथेनसारखं सीलंट भरावं आणि पक्कं काम हलचाल आटोक्यात आल्यावरच करावं. तेव्हा आडव्या सांध्यांमध्ये, तड्याच्या दोन्ही बाजूंना किमान ५०० मिलिमीटर जाईल अशी स्टेनलेस स्टीलची ६ मिलिमीटरची सळई, दर चार ते सहा थरांवर बसवून ग्राउटने, म्हणजे पातळ भरण-मसाल्याने, भरणं, ज्याला स्टिचिंग म्हणतात, ते उपयोगी पडतं. पाण्याची व्यवस्था न बदलता केलेलं स्टिचिंग मात्र फार दिवस टिकत नाही.

दुरुस्तीचा खरा गाभा पाणीच आहे. माती हलण्यापेक्षा ती घराच्या एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी हलली की नुकसान होतं, आणि हा असमतोल बहुतेक वेळा माणसाने केलेला असतो. आपल्याकडचं ठळक उदाहरण कूलरचं. एप्रिल ते जून कूलर अहोरात्र चालतो, त्याच्या टाकीतून झिरपणारं आणि ओसंडणारं पाणी खिडकीखालच्या जोत्याशी पडत राहतं. बाकी घराखालची माती सुकून आकसलेली आणि तेवढा एक कोपरा फुगलेला! उत्तर-पश्चिमेच्या खोलीची भिंत दर उन्हाळ्यात तिरकी का तडकते हे पाहायला गेलं तर बाहेर स्टँडखाली शेवाळ दिसतं. तीच गोष्ट गच्चीच्या पन्हाळीची. पाइप जोत्यापाशी मोकळा सोडलेला असतो आणि अख्ख्या गच्चीचं पाणी एका हातभर जागेत उतरतं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरपेक्षा जास्त पाणी होतं.

म्हणून घराभोवती प्लिंथ प्रोटेक्शन, म्हणजे जोत्यालगतचा काँक्रीटचा पट्टा, किमान दोन मीटर रुंद हवं, जागाच नसेल तर कंपाउंडपर्यंत. नेहमी दिसणारा दोन फुटी पट्टा इथे पुरत नाही. वरची माती काढून ठोकलेला मुरूम, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर काँक्रीट, बाहेरच्या बाजूला ३० ला १ असा उतार, दर दीड-दोन मीटरवर सांधा, आणि भिंतीला लागून १२ मिलिमीटरची फट डांबरी सीलंटने भरलेली. ही फट सोडायला मिस्त्री तयार नसतात. त्यांना काँक्रीट भिंतीला चिकटवूनच टाकायचं असतं. चिकटवलं की पहिल्याच उन्हाळ्यात पट्टा भिंतीपासून सुटतो आणि नेमकं तिथूनच पाणी पायाशी जातं. सांडपाण्याची पाइपलाइन भिंतीतून बाहेर जाते तिथे स्लीव्ह (पाइपभोवतीची मोठी नळी) आणि रबर-रिंगचा सांधा हवा; सोल्युशनने चिकटवलेला कडक सांधा घर पाच मिलिमीटर हललं तरी तुटतो आणि मग संडासाचं पाणी गुपचूप पायाखाली मुरत राहतं. नवी लाइन टाकल्यावर खालचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवावं आणि पातळी उतरते का हे मालकासमोर पाहावं, मगच माती लोटावी. खड्डे परत भरताना रेती वापरू नये. चिकणमातीतला रेतीचा खड्डा पाणी साठवतो आणि पायाला महिनोन्‌महिने भिजवत ठेवतो. शोषखड्डा जोत्याला खेटून खणणंही तितकंच घातक. ३० बाय ५० च्या प्लॉटवर दूर जागा नसेल तर तो गेटच्या कोपऱ्यात न्यावा आणि बोअर मारून पाणी चिकण थराच्या खाली सोडावं.

झाडांचं उलट. कडुनिंब, पिंपळ, उंबर घराला लागून असतील तर मुळं मातीतला ओलावा खेचतात आणि तो कोपरा खचतो. ‘झाड काढून टाका’ हा ठेकेदाराचा सोपा सल्ला मात्र धोक्याचा आहे. मोठं झाड तोडल्यावर सुकलेली माती पुन्हा ओल धरते आणि कोपरा पुढची काही वर्षं वर उचलत राहतो. शिवाय १९७५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे शहरी भागात झाड तोडायला परवानगी लागते. मुळांसाठी खोल अडथळा-भिंत आणि बेताची छाटणी हा मार्ग आधी तपासावा.

पायाला हात लावताना जबाबदारी आणखी वाढते. अंडरपिनिंग, म्हणजे जुन्या पायाखाली खोल नवा पाया घालणं, हे मीटर-सव्वा मीटरच्या तुकड्यांत आणि एकाआड एक करायचं काम आहे. शेजारचे दोन तुकडे एकदम कधीच उघडायचे नाहीत. आणि फक्त तडकलेला कोपरा खोल नेला तर तो कोपरा स्थिर होतो, उरलेलं घर मात्र पूर्वीसारखं वर-खाली होत राहतं. दोन-तीन वर्षांनी तडा कोपऱ्यात नसतो, जुन्या-नव्या पायाच्या सांध्यावर असतो. जुन्या घराला नवी खोली जोडतानाही हेच होतं. जुनं घर उथळ दगडी पायावर, नवी खोली अंडर-रीम्ड पाइलवर, म्हणजे तळाशी फुगीर केलेल्या, जमिनीत खोल गेलेल्या काँक्रीटच्या खांबांवर. दोन्हींमध्ये वरपासून खालपर्यंत २५ मिलिमीटरचा मोकळा सांधा ठेवला नाही तर भांडण दोन्ही पायांचं आणि तडा भिंतीला. हे पाइल रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने आपल्याकडे रुजवले. खोल काळ्या मातीत त्यांची लांबी किमान साडेतीन मीटर हवी, तळाचा बल्ब दांड्याच्या साधारण अडीच पट व्यासाचा, आणि पाइलवरच्या बीमखाली जमिनीपासून किमान ८० मिलिमीटर पोकळी. हे सगळं आयएस २९११ भाग ३ मध्ये लिहिलेलं आहे. ती पोकळी सेंट्रिंग वाचवण्यासाठी मातीने भरली जाते आणि पहिल्याच पावसाळ्यात माती बीमला खालून ढकलते. पाइलवर खर्च केलेले लाखो रुपये त्या तीन इंचांसाठी वाया जातात. काम चालू असताना या पोकळीचा फोटो मालकाने काढून ठेवावाच.

शहराबाहेर, हिंगणा, काटोल, उमरेड रस्त्यांकडच्या शेतांवर आता कंटेनरची आणि पोर्टा केबिनची घरं उभी राहतात. हलकी, क्रेनने आणून ठेवलेली. ‘पाया लागत नाही’ हीच त्यांची जाहिरात. काळ्या शेतजमिनीवर सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेला कंटेनर पहिल्या पावसाळ्यात एका कोपऱ्यावर बसतो. कंटेनरचं वजन चार कोपऱ्यांवर तोलायला बनवलेलं असतं; एक कोपरा २० मिलिमीटर खाली गेला की सगळी चौकट पिळवटते, दार लागत नाही, खिडकीसाठी कापलेल्या पत्र्याच्या कोपऱ्यातून वेल्डिंग फाटतं. त्यात उष्णता. ४० फुटी कंटेनर १२.२ मीटरचा, जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातला तापलेला पत्रा यांत ६० अंशांचा फरक धरला तर लांबीत जवळपास ९ मिलिमीटर फरक पडतो. अशा घराच्या नूतनीकरणात नुसती पुट्टी, रंग आणि पीओपी करून देणं म्हणजे काम अर्धवट सोडणं. आधी जॅक लावून लेव्हल साधायची, खांबांचे पाय मुरमापर्यंत न्यायचे, वर पोलादी पट्टी आणि शिम (उंची जुळवायच्या पातळ चकत्या) ठेवायचे म्हणजे पुढे पुन्हा लेव्हल करता येतं. एक टोक पक्कं आणि दुसऱ्या टोकाला लांबट भोकांचे बोल्ट द्यायचे. खिडकी कापली तिथे चारही बाजूंनी चौकोनी पाइपची चौकट, सांध्यांना हलचाल सोसणारं सीलंट, नळाला लवचीक जोड. आणि वर्षातून दोनदा, जूनच्या आधी आणि ऑक्टोबरमध्ये, लेव्हल तपासून देण्याचं काम ठेक्यातच धरलेलं असावं.

कायद्याकडे पाहिलं तर एक मोठी पोकळी दिसते. रेरा कायद्यात नव्या घराच्या बांधकामातल्या दोषासाठी ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांची जबाबदारी प्रवर्तकावर आहे. तक्रार केल्यावर ३० दिवसांत फुकट दुरुस्ती करून द्यावी लागते. पण ही जबाबदारी घर विकणाऱ्यावर आहे. राहत्या घराची दुरुस्ती करणारा ठेकेदार तिच्या कक्षेत येत नाही. म्हणजे नवं घर बांधून विकणारा पाच वर्षं बांधलेला, आणि तेच घर दहा वर्षांनी उकरून पुन्हा बसवणारा कशालाच बांधलेला नाही. उरतो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यात घरबांधणी ही सेवा म्हणून नमूद आहे, सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा आयोगाकडे जाता येतं, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. तडा कधी दिसला याची तारखेसह नोंद म्हणूनच महत्त्वाची. पण माल स्वतः आणून, रोजीने मिस्त्री लावून केलेल्या कामात असा दावा कमजोर पडतो. शहरातली बरीच कामं ‘लेबर रेट’वर, म्हणजे माल मालकाचा आणि ठेकेदाराची फक्त मजुरी, बिलाशिवाय, बोलाचालीवर होतात हे वास्तव मान्य करूनच उपाय शोधावा लागेल.

सार्वजनिक बांधकामाच्या कामांना ‘दोष दायित्व कालावधी’ असतो आणि ठेकेदाराच्या पैशातून सुरक्षा ठेव अडवून ठेवली जाते. रस्त्याला जे लागू आहे ते घराच्या पायाला का नसावं? माझा प्रस्ताव सरळ आहे. पाया, जोतं, भिंत किंवा सांडपाण्याची लाइन यांना हात लावणाऱ्या दुरुस्तीत हमीचा काळ महिन्यांनी मोजू नये, ऋतूंनी मोजावा : दोन पूर्ण पावसाळे आणि त्यांच्यामधला एक पूर्ण उन्हाळा. ‘एक वर्षाची गॅरंटी’ ऐकायला बरी वाटते. पण दिवाळीनंतर संपलेल्या कामाची माती पुढच्या दिवाळीपर्यंत एकदाच आकसते आणि एकदाच फुगते, आणि पाइपचा सांधा किंवा भरावातली ओल आपला परिणाम बहुतेक दुसऱ्या फेरीत दाखवते. एकूण रकमेच्या १० टक्के रोखून ठेवावेत. निम्मे पहिल्या पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये, निम्मे दुसऱ्या पावसाळ्यानंतर. एक मिलिमीटरच्या आतला तडा रंगकामाचा समजून सोडून द्यावा. एक ते पाच मिलिमीटरचा तडा ठेकेदाराने फुकट दुरुस्त करावा. पाचच्या वर गेला तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवावं, आणि कारण ठेकेदाराच्या कामात निघालं तर खर्च त्याचा, मालकाने बदललेल्या पाण्यात किंवा नव्याने चढवलेल्या ओझ्यात निघालं तर मालकाचा. लेबर रेटच्या कामात मालाचा दोष मालकाकडे राहील, पद्धतीचा दोष मात्र ठेकेदाराकडेच.

‘दैवी आपत्ती’चा मुद्दा इथे नेहमी येतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, त्या रात्रीच्या नुकसानीसाठी कोणा ठेकेदाराला धरणं अन्याय ठरेल. पण नागपुरातला मे महिन्याचा उन्हाळा आणि जुलैचा पाऊस दरवर्षी ठरल्या वेळी येतो. त्याला आपत्ती म्हणून करारातून सुटका मागणं मान्य करू नये.

ठेकेदारांची बाजूही खरी आहे. रोखलेले १० टक्के मालक परत देतच नाहीत, हा त्यांचा अनुभव खोटा नाही. छोट्या ठेकेदाराचा नफाच कित्येकदा तेवढा असतो आणि मजुरांचे पैसे त्याला शनिवारी द्यावे लागतात. म्हणून ती रक्कम मालकाच्या खिशात न ठेवता दोघांच्या संयुक्त नावाने मुदत ठेवीत टाकावी. ऑक्टोबर संपेपर्यंत मालकाने फोटो आणि मापासह लेखी तक्रार केली नाही तर रक्कम ठेकेदाराची, व्याजासह. आणि पाया न तपासता ‘फक्त रंगवून दे’ असा आग्रह मालकाने धरला असेल तर ठेकेदारावर रंगापलीकडची जबाबदारी टाकता येणार नाही, हेही करारात स्पष्ट असावं. कमी दराचा आग्रह धरणारे मालक या दुखण्याला ठेकेदारांइतकेच कारण आहेत.

महापालिका आणि नागपूर सुधार प्रन्यास यांच्याकडून एक गोष्ट मागितली पाहिजे, आणि तिच्यासाठी नवा कायदा लागत नाही. मोठ्या इमारतींच्या प्रस्तावांसोबत माती परीक्षणाचे अहवाल येतात. ते फायलींत पडून राहतात. मेट्रोच्या खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर या दोन मार्गांवर खांबांसाठी शहर आडवं-उभं छेदून बोअर घेतले गेले आहेत. या नोंदी प्रभागवार एकत्र करून, कुठे काळ्या मातीचा थर किती खोल आहे आणि मुरूम किंवा खडक किती मीटरवर लागतो, असा नकाशा सार्वजनिक करावा. व्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्थापत्य विभागासारखी संस्था शहरातच आहे, तिच्यावर हे काम सोपवता येईल. नकाशा आल्यावरही प्रत्येक प्लॉटवर चाचणी-खड्डा घ्यावाच लागेल. पण हमीपत्रावर सही करणाऱ्या ठेकेदाराला आणि पैसे देणाऱ्या मालकाला, खणण्याआधीच, साडेतीन मीटरचा पाइल लागणार की दोन फुटांवर मुरूम मिळणार याचा अंदाज येईल, आणि दर त्या अंदाजाने ठरेल.